एसीत गॅस भरून देणारी दुकानं खूप, हे लोक आधी लीक शोधतात

पूर्ण पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण नागपुरात मे महिन्यात गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला की माणसाला दुसरं काही सुचत नाही, समोर जे पहिलं दुकान दिसेल तिथे गाडी लावायची, गॅस भरून घ्यायचा, दीड-दोन हजार द्यायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. या दुकानात मला पहिल्यांदा असं दिसलं की गाडी आल्या आल्या कोणी गॅसच्या सिलेंडरला हात लावला नाही.

आमची गाडी सातेक वर्षं जुनी छोटी पेट्रोल हॅचबॅक. मी नोकरीसाठी बुटीबोरीला जाते, परत येताना वर्धा रोडवर दुपारचं ऊन अगदी अंगावर, आणि नवतपा (मेअखेरीचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात एसी कमी झाला तेव्हा घराजवळ एका ठिकाणी गॅस भरून घेतला होता, दिवाळीपर्यंत कुलिंग गेलं, मार्चमध्ये तिथेच परत भरला, एप्रिल संपायच्या आत परत गरम हवा. तिथे विचारलं तर उत्तर एकच, "उन्हाळ्यात संपतोच मॅडम, दरवर्षी भरावाच लागतो." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हे चुकीचं आहे आणि हे चुकीचं का आहे ते मला इथल्या काकांनी दोन मिनिटांत समजावलं.

काका म्हणाले, "गॅस काय पेट्रोल आहे का ताई जळून संपायला? तो गेला म्हणजे कुठून तरी जाऊन राहिला." मग बोनेट उघडून एकेक पाईप दाखवत सगळा रस्ता सांगितला. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्यावर तो चांगलाच गरम होतो, पुढे रेडिएटरच्या समोर जी जाळी असते तो कंडेन्सर, तिथे तो गॅस आपली उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो, मग डॅशबोर्डजवळ एका बारीक व्हॉल्व्हमधून सुटतो, प्रेशर एकदम पडतं, आणि आतल्या कुलिंग कॉइलमध्ये तो शून्याच्या जरा वरच्या तापमानाला उकळत उकळत गाडीतली उष्णता ओढून घेतो, की परत कॉम्प्रेसरकडे. बंद चक्र आहे. रबरी पाईप आणि सीलमधून वर्षानुवर्षं अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरं, म्हणून सात-आठ वर्षांनी कुलिंग थोडं कमी झालं तर समजू शकतो, पण भरलेला गॅस दोन महिन्यांत गेला तर तिथे भोकच असणार.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांचे प्रश्न. प्रेशर मोजायचा मीटर लावायच्या आधी काकांनी बरंच काही विचारलं. गरम हवा सिग्नलला उभी असताना येते की चालतानाही येते? हवा जोरात येते पण गरम येते, की हवाच कमी येते? हळूहळू कमी झालं की एका दिवसात गेलं? एसीचं बटण दाबल्यावर पुढून टक् असा आवाज येतो का? मला वाटलं गप्पा मारतायत, पण प्रत्येक प्रश्नाला कारण आहे. चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला गरम असेल तर बहुतेक वेळा गॅसचा काही संबंध नसतो, कंडेन्सरचा पंखा फिरत नसतो किंवा कंडेन्सर चिखलाने आणि धुळीने बुजलेला असतो. हवाच कमी येत असेल तर आधी ग्लव्हबॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर बघायचा. एका झटक्यात गेला असेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच, वायरिंग. आणि आमच्यासारखा हळूहळू महिनाभरात मेला असेल तर लीक. म्हणजे गाडीला हात लावायच्या आधीच त्यांचा अर्धा अंदाज झालेला होता.

मग काकांच्या मुलाने एसी चालू करून बघितला. क्लच लागतच नव्हता, टक् आवाज नाही. आता इथे बरेच जण "कॉम्प्रेसर गेला" म्हणून पंधरा-वीस हजाराचा आकडा सांगतात. (माझ्या ऑफिसमधल्या एका मॅडमना असाच आकडा एका ठिकाणी सांगितला होता, नंतर निघाला रिले.) इथे त्याने सांगितलं की गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबतच फिरतं, गॅस नाही तर ऑइल नाही, आणि कोरडा फिरला तर आतून खरडून निघेल. काही ठिकाणी त्या स्विचला वायरचा तुकडा लावून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवतात, गिऱ्हाईकाला वाटतं बघा चालू झाला, पण अशाने चांगला कॉम्प्रेसर खराब होतो. कोणी तुमच्या गाडीत असं करताना दिसला तर तिथून गाडी काढा, मी सिरियसली सांगतेय.

नंतर मीटर लावला. कमी प्रेशरच्या बाजूचा निळा काटा आणि जास्त प्रेशरच्या बाजूचा लाल काटा. गाडी बंद असताना दोन्ही सारखंच दाखवतात. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए गॅस असतो (अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बघून ठेवा), आणि हा १३४ए सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असेल तर ४० डिग्रीच्या हवेत बंद गाडीचं प्रेशर १३० पीएसआयच्या आसपास दिसायला पाहिजे. आमचा काटा २० च्याही खाली. म्हणजे जवळजवळ रिकामी. आणि इथे त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी कुठेच कोणी सांगितली नव्हती, की बंद गाडीत प्रेशर बरोबर दिसलं म्हणजे गॅस पूर्ण आहे असं अजिबात नाही, अर्धा असला तरी काटा तेवढाच दाखवतो, म्हणून नुसतं मीटर बघून "थोडा कमी आहे, टॉपअप करतो" म्हणणारा माणूस अंदाजाने बोलत असतो. खरी मात्रा कळते ती गॅस बाहेर काढून वजन केल्यावरच.

आता लीक शोधणं. आधी गाडीत उरलेल्या थोड्याशा गॅसवरच डिटेक्टर (गॅस लागला की वाजणारं यंत्र) फिरवला, खास करून गाडीच्या खाली जिथून एसीचं पाणी टपकतं त्या नळीपाशी. कारण कुलिंग कॉइल फुटली असेल तर गॅसचा वास डिटेक्टरला तिथे लागतो. मला याचीच भीती होती कारण बऱ्याच गाड्यांमध्ये कॉइल काढायची म्हणजे डॅशबोर्ड उघडायचा, दिवसभराचं काम आणि नंतर वर्षभर कुठून तरी खडखड आवाज. डिटेक्टर वाजला नाही, जीव भांड्यात पडला. मग नायट्रोजनचं प्रेशर भरलं आणि साबणाचं पाणी घेऊन मुलगा एकेक जॉइंट तपासत गेला. कॉम्प्रेसरचे जॉइंट, पाईपची क्रिम्पिंग केलेली (दाबून बसवलेली) टोकं, व्हॉल्व्हचे जॉइंट, सगळं. शेवटी कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात एक तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली, त्याने सांगितलं गॅससोबत ऑइल बाहेर येतं म्हणून असा डाग पडतो, तिथे पाणी लावलं आणि बारीक बारीक बुडबुडे सुरू. खडा लागून पडलेलं भोक असावं, हायवेवर पुढच्या ट्रकचे खडे नेहमी उडतात. मला बोलावून दाखवलं, मोबाईलवर व्हिडिओ काढून दिला. आणि एवढ्यावर थांबले नाहीत, जिथे मीटरचा पाईप लावतात तिथली पिन पण तपासली, तिथेही एक बुडबुडा फुगत होता. कंडेन्सर बदलून ती पिन तशीच सोडली असती तर पुढच्या वर्षी मी परत कुठेतरी रांगेत उभी असते.

गॅसबद्दल अजून एक सांगते, मला याचं खरंच वाईट वाटलं. आधीच्या दोन्ही वेळचा भरलेला गॅस गेला कुठे, तर हवेत. जुन्या गाड्यांमध्ये आर-१२ असायचा, त्याने ओझोनचा थर खराब होतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला आणि १३४ए आला. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही पण हवेत सुटला की कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे लीक न काढता भरलेल्या प्रत्येक गॅसने आपण आपलीच पृथ्वी अजून तापवतोय, तेही पैसे देऊन. या दुकानात गाडीत गॅस बऱ्यापैकी शिल्लक असेल तर तो मशीनने ओढून घेतात, हवेत सोडून देत नाहीत, हे मी माझ्या बाजूच्या गाडीला करताना बघितलं. याचे वेगळे स्टार असते तर तेही दिले असते.

कंडेन्सरचं बोलणंही स्वच्छ होतं. कंपनीचा ओरिजिनल आणि बाहेरच्या ब्रँडचा, दोन्हीचे भाव सांगितले, फरक साधारण दोन-अडीच हजाराचा. वेल्डिंग करता येईल का विचारलं तर म्हणाले मोठ्या पाईपला वेल्डिंग टिकतं, पण कंडेन्सरच्या चपट्या बारीक नळ्यांना भरवसा नाही, आणि मी त्याची गॅरंटी देणार नाही. ड्रायर आमच्या गाडीत कंडेन्सरच्या बाजूच्या नळीतच असतो त्यामुळे तोही नवा आला. ड्रायर म्हणजे ओलावा शोषून घेणारे दाणे असलेला भाग, सिस्टिम उघडी पडली की तो बदलणं चांगलं. मी ओरिजिनल टाकायला सांगितला. जुना कंडेन्सर न मागता डिक्कीत ठेवून दिला.

नवीन कंडेन्सर बसवताना जॉइंटच्या रबरी ऑरिंग सगळ्या नव्या टाकल्या, त्यांना ऑइल लावून, आणि जेवढं ऑइल गेलं असेल तेवढं नवीन टाकलं. मग व्हॅक्युम. ही पायरी मी आधीच्या दुकानात बघितलीच नव्हती, तिथे पाईप लावला की गॅस सोडायला सुरुवात. इथे अर्ध्या तासाच्या वर पंप चालला. हवा तर काढायचीच असते, पण मेन म्हणजे ओलावा. व्हॅक्युममध्ये पाणी साध्या तापमानालाही उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. ते राहिलं तर त्या बारीक व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन अडकतं, मग एसी थोडा वेळ थंड थोडा वेळ गरम असा खेळ सुरू होतो, आणि पुढे गॅस-ऑइलमध्ये मिसळून ॲसिड तयार होऊन आतला धातू खातं. पंप बंद करून परत पंधरा-वीस मिनिटं काटा हलतो का बघत बसले. हलला नाही. तेव्हा कुठे गॅस.

गॅस वजनाने. सिलेंडर वजनकाट्यावर ठेवला, बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच सोडले आणि बंद. छोट्या गाड्यांना साधारण चारशे ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम इकडे तिकडे झाले तरी फरक पडतो. "अजून थोडा टाका ना काका, ऊन फार आहे" असं बाजूचा एक गिऱ्हाईक म्हणत होता, त्यालाही नाही म्हणाले. जास्त गॅस म्हणजे जास्त थंड असं नसतं, उलट कंडेन्सरमध्ये प्रेशर वाढतं, कुलिंग कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो. हे मला नवीन होतं. आणि गॅसचा सिलेंडर सीलबंद, ब्रँडवाला, आपल्यासमोर लावतात. बाजारात भेसळीचा गॅस भरपूर येतो, काहींमध्ये तर जळणारा गॅस मिसळलेला असतो, बोनेटच्या आत तापलेल्या इंजिनाशेजारी असलं काही नको. खूप स्वस्तात गॅस भरून देणारा दिसला तर सिलेंडरवरचं नाव वाचायला लाजू नका.

शेवटी डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला. बाहेर ४३ होतं, उभ्या गाडीत १२ पर्यंत आला आणि मुलगा मला बाजूला बसवून एक चक्कर मारून आला तेव्हा ८. थंड आहे की नाही हे हात लावून विचारायची गरजच नाही, आकडा समोर. त्याला आता दोन महिने होत आले, रोज वापर आहे, आकडा तेवढाच आहे, मी स्वतःचा एक साधा थर्मामीटर घेऊन ठेवलाय आणि अधूनमधून लावून बघते.

पैसे म्हणाल तर कंडेन्सर, पिन, ऑरिंग, ऑइल, गॅस आणि मजुरी मिळून साडेआठ हजाराच्या आसपास. एकदम ऐकायला जास्त वाटतं. पण दर काही महिन्यांनी दोन हजार टाकत राहण्यापेक्षा आणि शेवटी ऑइल कमी होऊन कॉम्प्रेसर घालवण्यापेक्षा हे मला परवडलं. आणि सगळ्यांचं बिल मोठं होतं असं नाही, मी बसले होते तेवढ्यात एक टॅक्सीवाले दादा आले, सिग्नलला गरम हवा ही तक्रार, पंख्याचा रिले बदलला, काही शे रुपयांत काम झालं. एका गाडीत उंदराने क्लचची वायर कुरतडली होती. आणि एका काकूंच्या गाडीत तर एसी ठणठणीत होता, थंड-गरम करायच्या नॉबची आतली केबल निसटून हिटरची हवा मिसळत होती, ती परत अडकवून दिली आणि पैसे घेतले नाहीत, काकूंनी आग्रह केला तेव्हा चहा मागवा म्हणाले.

आता जे आवडलं नाही तेही लिहिते. बसायची सोय जवळजवळ नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबलफॅन, बायकांना किंवा म्हाताऱ्या माणसांना घेऊन दोन-तीन तास थांबणं कठीण आहे, काकांनी एक कूलर तरी लावावा ही मनापासून विनंती. फोन उचलत नाहीत, उन्हाळ्यात तर अजिबातच नाही. पार्ट दुकानात ठेवत नाहीत, मागवतात, त्यामुळे माझी गाडी रात्रभर तिथेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. आणि मुलगा कामात पक्का आहे पण घाईत असला की समजावून सांगत नाही, काकांनाच विचारा.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर दुकान उघडताच जा, अकरानंतर रांग लागते आणि इंजिन तापलेलं असलं की ते थंड होईपर्यंत हात लावत नाहीत. घरून निघायच्या आधी स्वतः एवढं बघून ठेवा, एसी चालू केल्यावर टक् आवाज येतो का, पुढचा पंखा फिरतो का, केबिन फिल्टर कधी बदलला होता, आणि गरम हवा नेमकी कधी येते, कारण काका हेच विचारणार आणि तुमच्या उत्तरावर तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचणार. गाडी धुताना प्रेशरचं पाणी कंडेन्सरच्या जाळीवर जवळून मारू देऊ नका, पातळ पत्र्या वाकतात आणि हवा जायला जागा राहत नाही. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा म्हणजे ऑइल फिरून कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडत नाही. उन्हात उभ्या गाडीत बसलात तर आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवणारं बटण दाबा, चांगल्या एसीलाही ४५ डिग्रीत बाहेरची हवा ओढायला लावली तर तो तरी किती करेल.

पेमेंट फोनवरून घेतात, कार्ड चालत नाही. बिल मात्र मागून घ्या, न मागता देत नाहीत, पण मागितलं की त्यावर किती ग्रॅम गॅस भरला ते वजन आणि तारीख लिहून देतात, कंडेन्सरची वर्षभराची वॉरंटी त्याच बिलावर आहे.